कॅथलिक परंपरेतील पापनिवेदन: अर्थ, तयारी आणि विधी

१. पाठाचा हेतू

हा पाठ दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पहिला प्रकार म्हणजे कॅथलिक घरातून आलेले, शिक्षणासाठी परगावी राहणारे विद्यार्थी. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी, आठव्या-नवव्या वर्षी शिकलेले पापनिवेदन त्यांना आठवते. पण विसाव्या वर्षी ते कसे करायचे, हे पुन्हा कोणी शिकवलेले नसते. दुसरा प्रकार म्हणजे वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत अशा मित्रांबरोबर राहणारे आणि भारतातील धर्मपरंपरा समजून घेऊ इच्छिणारे विद्यार्थी. सिनेमात दिसणारी लाकडी पेटी आणि जाळी यापलीकडे त्यांना या विधीची फारशी माहिती नसते.

पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत:

• पापनिवेदन म्हणजे काय आणि त्याचे टप्पे कोणते?
• तयारी कशी करावी आणि पापे कोणत्या शब्दांत सांगावीत?
• सांगितलेल्या गोष्टीची गुप्तता किती कडक असते आणि कायद्याच्या दृष्टीने तिची मर्यादा काय?
• आपली भाषा न बोलणाऱ्या गावात पापनिवेदन कसे करावे?

एक मुद्दा सुरुवातीलाच लक्षात ठेवा. धर्मगुरूंसमोर पापे सांगणे हा या संस्काराचा सर्वांत छोटा भाग आहे. त्याला पाच मिनिटे लागतात. त्याआधीची तयारी आणि त्यानंतरची भरपाई यांना जास्त वेळ लागतो, आणि खरे काम तिथेच असते.

२. संज्ञा

कॅथलिक चर्चमध्ये सात संस्कार आहेत: स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. पापनिवेदन हा चौथ्या, म्हणजे प्रायश्चित्त संस्काराचा एक भाग आहे. बोलताना मात्र संपूर्ण संस्कारालाच 'कन्फेशन' किंवा 'पापनिवेदन' म्हणतात. मराठीत 'समेटाचा संस्कार' असेही म्हटले जाते, कारण यातून माणसाचा देवाशी आणि दुखावलेल्या समाजाशी समेट होतो, असे चर्च मानते. गोव्याच्या कोंकणीत 'कुमसार' हा पोर्तुगीजवरून आलेला शब्द आहे. हिंदी भाषक कॅथलिक 'पाप-स्वीकार' किंवा 'मेल-मिलाप संस्कार' म्हणतात.

या पाठात वारंवार येणारे शब्द असे:

पश्चात्ताप: झालेल्या पापाबद्दल मनापासून वाटणारे दुःख आणि त्या पापाचा नकार.
निर्धार: ते पाप पुन्हा न करण्याचा आणि त्याकडे नेणारे प्रसंग टाळण्याचा निश्चय.
पापक्षमा: धर्मगुरूंनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने उच्चारलेली क्षमा.
प्रायश्चित्त: धर्मगुरूंनी दिलेली प्रार्थना किंवा सत्कृत्य, जे पापनिवेदकाने नंतर पूर्ण करायचे असते.

३. मूळ कल्पना आणि इतिहास

योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांना पापांची क्षमा करण्याचा अधिकार देतो. हा अधिकार प्रेषितांकडून बिशपांकडे व धर्मगुरूंकडे आला, ही कॅथलिक भूमिका या वचनावर उभी आहे. क्षमा देवच करतो, धर्मगुरू त्याच्या वतीने ती उच्चारतात, असे चर्च शिकवते. म्हणून धर्मगुरू स्वतः किती सज्जन आहेत, यावर क्षमेची वैधता अवलंबून नसते.

क्षमेचा भाव समजण्यासाठी लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची कथा सांगितली जाते. घरी परतणारा मुलगा वाटेतच आपले बोलणे जुळवून ठेवतो. बाप मात्र त्याला लांबूनच पाहतो आणि धावत जातो. मुलगा जुळवून आणलेले शब्द पुरते बोलायच्या आतच बाप अंगरखा, अंगठी आणि मेजवानीची तयारी करायला सांगतो. कथेतील क्रम पाहा: मुलगा भानावर येतो, उठतो, चालू लागतो आणि मग बोलतो. बोलणे सर्वांत शेवटी येते.

आजची पद्धत एकदम तयार झालेली नाही. सुरुवातीच्या शतकांत खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा गंभीर पापांसाठी उघड आणि दीर्घ प्रायश्चित्त करावे लागे. सहाव्या-सातव्या शतकात आयर्लंडच्या मठवासी साधूंनी खाजगीत, पुन्हा पुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची पद्धत युरोपभर नेली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. १५५१ मध्ये ट्रेंट परिषदेने या संस्काराची शिकवण सविस्तर मांडली. त्याच शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या प्रयत्नांतून जाळी असलेली पेटी रूढ झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७३ मध्ये विधीचे नवे रूप आले. त्यात बायबलवाचनाला जागा मिळाली आणि समोरासमोर बसून पापनिवेदन करण्याचा पर्यायही रूढ झाला. आजचे नियम १९८३ च्या चर्च-कायद्यात आहेत.

भारतीय भाषांशी या संस्काराचे नाते जुने आहे. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे त्या काळातही लोक आपली पापे आपल्याच भाषेत सांगत. त्यामुळे परदेशी धर्मगुरूंना लोकांची भाषा शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते. हेन्रिक हेन्रिक्स या पोर्तुगीज येशूसंघीय धर्मगुरूंनी पापनिवेदनाच्या तयारीसाठी तमिळमध्ये एक मार्गदर्शक पुस्तक केले आणि ते १५८० मध्ये कोचीन येथे छापले गेले. भारतीय भाषेतील अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी ते एक आहे. मराठी वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स माहीत असतात. मूळचे इंग्रज असलेले स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे जवळपास अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यांनी कोंकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांची भाषा धर्मगुरूंनी शिकावी, ही गरज या सर्व खटाटोपामागे होती.

४. कोणते पाप सांगणे आवश्यक?

चर्च पापाचे दोन प्रकार मानते: गंभीर आणि सौम्य. पाप गंभीर ठरण्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात.

(अ) विषय गंभीर असला पाहिजे.
(आ) हे चूक आहे याची पूर्ण जाणीव असली पाहिजे.
(इ) तरीही ते जाणूनबुजून, स्वेच्छेने केलेले असले पाहिजे.

यांपैकी एक अट जरी कमी पडली, तरी व्यक्तीचा दोष कमी होतो. दडपणाखाली, अजाणतेपणी किंवा सवयीच्या जबर पकडीत घडलेली कृती आणि शांतपणे बेत आखून केलेली कृती यांत चर्च फरक करते.

आठवणारी सर्व गंभीर पापे सांगणे आवश्यक आहे, तीही प्रकार आणि संख्या यांसह. सौम्य पापे सांगणे बंधनकारक नाही, पण सांगणे हितकारक मानले जाते. प्रामाणिक प्रयत्न करूनही एखादे गंभीर पाप विसरले, तर बाकीच्यांबरोबर त्याचीही क्षमा होते. आठवल्यावर ते पुढच्या वेळी सांगावे. मुद्दाम लपवले असेल तर मात्र संपूर्ण पापनिवेदनच निष्फळ ठरते.

गंभीर पाप मनावर असताना आधी पापनिवेदन न करता ख्रिस्तप्रसाद घेऊ नये, असाही नियम आहे. म्हणूनच ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आणि नाताळच्या आधी चर्चमध्ये पापनिवेदनासाठी रांगा दिसतात.

५. तयारी: एका उदाहरणासह

आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वसईचा एक मराठी भाषक कॅथलिक विद्यार्थी जयपूरला शिकायला आला आहे. खातीपुऱ्यात तो आणखी तिघांबरोबर खोली घेऊन राहतो. घरमालकाला विजेचे पैसे देण्याचे काम याच्याकडे आहे. बिल १,८०० रुपयांचे असते, म्हणजे प्रत्येकी ४५०. हा मित्रांना २,४०० सांगतो आणि प्रत्येकाकडून ६०० घेतो. तिघांचे मिळून बरोबर १,८०० होतात. बिल भरले जाते आणि याच्या खिशातून एक रुपयाही जात नाही. असे आठ महिने चालले आहे.

आता एक-एक टप्पा पाहू.

टप्पा १: आत्मपरीक्षण

शांत जागी पंधरा-वीस मिनिटे बसा. पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणारी छोटी प्रार्थना करून सुरुवात करण्याची पद्धत आहे. मग मागच्या पापनिवेदनापासूनच्या काळाकडे नजर टाका. चौकट म्हणून दहा आज्ञा घेतात. ती जड वाटत असेल तर तीन नात्यांचे प्रश्न विचारा.

देवाशी: प्रार्थना आणि रविवारची मिस्सा मी केवळ आळसाने टाळली का? देवाचे नाव खोट्या शपथेसाठी वापरले का?

इतरांशी: कोणाचे पैसे, श्रम किंवा श्रेय घेतले का? दुसऱ्याचा प्रोजेक्ट आपला म्हणून दिला का? कोणाची हजेरी खोटी लावली का? कोणाबद्दल खोटे पसरवले का? कोणाचा फोटो किंवा संदेश त्याच्या परवानगीशिवाय पुढे पाठवला का? जात, भाषा किंवा प्रदेशावरून कोणाला हिणवले का? प्रेमाच्या नात्यात कोणाचा वापर करून घेतला का? घरच्यांशी खोटे बोललो का?

स्वतःशी: व्यसन, अतिरेक, वेळेची नासाडी, स्वतःच्या शरीराची हेळसांड.

जे करायला हवे होते पण केले नाही, तेही तपासा. रॅगिंग होताना पाहिले आणि गप्प बसलो, हीसुद्धा नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

आपल्या उदाहरणातील विद्यार्थ्याने सुरुवातीला 'थोडी लबाडी' एवढेच मनाशी म्हटले असेल. परीक्षणात त्याने हिशेब मांडायला हवा: तिघांचे प्रत्येकी १५० रुपये, आठ महिने, म्हणजे ३,६०० रुपये. शिवाय त्या तिघांपैकी एक जण घरून येणाऱ्या मोजक्या पैशांत महिना काढतो, हे याला माहीत आहे. चोरीचे गांभीर्य केवळ रकमेवर ठरत नाही. ज्याचे घेतले त्याची परिस्थितीही पाहिली जाते. आकडा लिहिला की गोष्ट आपोआप आकारात येते. (कागदावर टिपण केले असेल तर नंतर ते नष्ट करा.)

टप्पा २: पश्चात्ताप

पश्चात्ताप म्हणजे रडू येणे नव्हे. काहींना येते, काहींना येत नाही. चर्च दोन पातळ्या सांगते. देवावरील प्रेमापोटी वाटणारा पश्चात्ताप परिपूर्ण मानला जातो. शिक्षेच्या भीतीने किंवा पापाच्या किळसाने वाटणारा अपूर्ण, पण संस्कारासाठी तोही पुरेसा असतो. 'पकडला गेलो तर काय होईल' एवढीच चिंता असेल, तर तिला मात्र पश्चात्ताप म्हणता येत नाही. आपल्या विद्यार्थ्यासाठी साधी कसोटी अशी: ही गोष्ट कधीच उघडकीस येणार नाही अशी खात्री असती, तरी त्याला ती थांबवावीशी वाटली असती का?

टप्पा ३: निर्धार

'यापुढे चांगले वागेन' हा निर्धार फार ढोबळ झाला. निर्धार करता येण्याजोगा आणि तपासता येण्याजोगा हवा. आपला विद्यार्थी ठरवू शकतो: पुढच्या महिन्यापासून बिलाचा फोटो चौघांच्या ग्रुपवर टाकायचा. त्यामुळे लबाडीची संधीच उरत नाही. पापाकडे नेणारा प्रसंग टाळणे याचा अर्थ हाच. पुन्हा घसरण होईल अशी भीती वाटणे म्हणजे निर्धार नसणे असे नव्हे. या क्षणी इच्छा खरी असली पाहिजे.

टप्पा ४: निवेदन

स्पष्ट, थोडक्यात आणि फक्त आपले सांगा. पुढील फरक पाहा.

'मी थोडा अप्रामाणिक वागलो.' हे अपुरे आहे, कारण प्रकार कळत नाही.

'घरमालक भाडे वाढवत राहतो, घरून पैसे उशिरा येतात, आणि माझे मित्रही कधीकधी माझे सामान वापरतात...' हा बचाव झाला, आणि त्यात इतरांची पापे सांगितली गेली.

'मी खोलीतल्या तीन मित्रांकडून विजेचे पैसे खोटे सांगून जास्त घेतले. आठ महिने, दर महिन्याला. एकूण ३,६०० रुपये. एकाची परिस्थिती बेताची आहे, हे मला माहीत होते.' हे पुरेसे आहे. यात प्रकार, संख्या आणि गांभीर्य बदलणारी परिस्थिती हे तिन्ही आले.

नेमकी संख्या आठवत नसेल तर 'आठवड्यातून सुमारे एकदा' असे सांगितले तरी चालते. लैंगिक पापांच्या बाबतीत तपशील रंगवण्याची गरज नसते, प्रकार सांगणे पुरे. पापात सहभागी असलेल्या दुसऱ्या व्यक्तीचे नाव सांगू नका. धर्मगुरूंनी ते विचारू नये, असा चर्च-कायद्याचा नियम आहे.

टप्पा ५: प्रायश्चित्त आणि भरपाई

धर्मगुरू प्रायश्चित्त म्हणून एखादी प्रार्थना, बायबलमधील उताऱ्याचे चिंतन किंवा सेवेचे काम देतात. ते झेपणारे नसेल तर तिथेच सांगावे, ते बदलून देता येते.

पण चोरी, बदनामी किंवा नुकसान यांत एवढ्याने भागत नाही. घेतलेले परत करणे ही न्यायाची मागणी आहे आणि पापक्षमा मिळाली म्हणून ती रद्द होत नाही. आपल्या विद्यार्थ्याला ३,६०० रुपये तिघांना परत करायचे आहेत. मग मित्रांपुढे सारे कबूल केलेच पाहिजे का? चर्चची नैतिक शिकवण इथे फरक करते: भरपाई आवश्यक आहे, स्वतःची जाहीर बेअब्रू आवश्यक नाही. पुढचे आठ महिने संपूर्ण बिल त्याने स्वतः भरले आणि आपल्याला पैसे मिळाले आहेत एवढेच सांगितले तर? आठ बिले १४,४०० रुपयांची होतील आणि तिघांचा वाटा १०,८०० रुपयांचा. म्हणजे भरपाई देण्यापेक्षा कितीतरी जास्त होईल. अचूक हिशेब असा: तिघांचे देणे प्रत्येकी १,२०० रुपये. ४५० च्या हिशेबाने दोन महिने त्यांच्याकडून काहीच न घेता, तिसऱ्या महिन्यात प्रत्येकी फक्त १५० घेतले की देणे फिटते. उघड सांगण्याचे धाडस असेल तर मैत्रीच्या दृष्टीने ते अधिक चांगले. पण कोणता मार्ग घ्यावा, हे धर्मगुरूंना तिथेच विचारता येते.

बदनामी केली असेल तर भरपाई अवघड असते. ज्या ग्रुपवर खोटे लिहिले, त्याच ग्रुपवर ते खोटे होते असे लिहावे लागते.

६. प्रत्यक्ष विधी

वेळ: बहुतेक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी किंवा मिस्सेपूर्वी धर्मगुरू उपलब्ध असतात. इतर वेळी फोन करून वेळ मागता येते. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून मात्र हा संस्कार होत नाही. प्रत्यक्ष उपस्थिती आवश्यक आहे.

जागा: जाळीपलीकडून बोलायचे की समोर बसून, हे तुम्ही ठरवू शकता. जाळी असलेली जागा उपलब्ध असावी, असा नियम आहे.

क्रम असा असतो:

१. क्रूसाची खूण करा. धर्मगुरू स्वागताचे दोन शब्द बोलतात.
२. मागचे पापनिवेदन केव्हा केले होते ते सांगा. तीन वर्षे झाली असतील तर तीन वर्षे म्हणा.
३. पापे सांगा. मनावर सर्वांत जड असलेले आधी सांगा, म्हणजे बाकीचे सोपे जाते.
४. धर्मगुरू गरज असल्यास एखादा प्रश्न विचारतात, थोडा सल्ला देतात आणि प्रायश्चित्त सांगतात.
५. पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा. पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत म्हटली तरी चालते.
६. धर्मगुरू हात पुढे करून पापक्षमेचे शब्द उच्चारतात. तुम्ही 'आमेन' म्हणा.
७. बाहेर येऊन, शक्यतो त्याच दिवशी, प्रायश्चित्त पूर्ण करा.

अडखळलात तर 'फादर, मला पद्धत आठवत नाही, मदत करा' असे सांगा. ते प्रश्न विचारत पुढे नेतात.

७. गुप्तता आणि तिच्या मर्यादा

पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगू शकत नाहीत. शब्दांनी, खुणेने किंवा वागण्यातूनही नाही. ते थेट उघड करणाऱ्या धर्मगुरूंना चर्चमधून आपोआप बहिष्कृत होण्याची शिक्षा आहे. शिवाय ऐकलेल्या माहितीचा पापनिवेदकाला त्रास होईल असा वापर करायलाही बंदी आहे, मग त्यातून काही उघड होणार नसले तरी. समजा तुमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे प्रमुख धर्मगुरूच आहेत आणि तुम्ही त्यांना काही सांगितलेत. त्या माहितीवरून ते तुमची खोली बदलू शकत नाहीत.

हा चर्चचा कायदा झाला. देशाचा कायदा वेगळा आहे. भारताचा साक्षीपुराव्याचा कायदा पती-पत्नीतील आणि वकील-अशिलातील बोलण्याला संरक्षण देतो. धर्मगुरू आणि पापनिवेदक यांच्यासाठी तसे स्वतंत्र कलम नाही. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या २०१२ च्या कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि त्यात धर्मगुरूंना सूट दिलेली नाही. चर्चचा नियम आणि हा कायदा यांतील ताण सुटलेला नाही. धर्मगुरू अशा वेळी पापनिवेदकाला स्वतः पोलिसांकडे जाण्यास आग्रहाने सांगू शकतात.

गैरवापराचा प्रश्नही खरा आहे. २०१८ मध्ये केरळमधील मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर पापनिवेदनातील माहितीच्या आधारे एका महिलेचे शोषण केल्याचा आरोप झाला. हे चर्च कॅथलिक नाही, पण पापनिवेदनाची प्रथा तिथेही आहे. त्यानंतर राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली आणि मोठा वाद झाला. ही शिफारस अमलात आली नाही. पण प्रत्येक पापनिवेदकाला पुढील तीन गोष्टी माहीत असल्या पाहिजेत.

पहिली: पापनिवेदनाच्या निमित्ताने धर्मगुरूंनी लैंगिक सूचना करणे हा चर्च-कायद्यात गंभीर गुन्हा आहे. तसे घडल्यास उठून बाहेर या आणि बिशपांकडे व पोलिसांकडे तक्रार करा. गुप्ततेचे बंधन धर्मगुरूंवर असते. तुमच्यावर घडलेला अन्याय सांगायला तुम्ही पूर्ण मोकळे आहात.

दुसरी: धर्मगुरू तुम्ही निवडू शकता. ओळखीच्या धर्मगुरूंकडे संकोच वाटत असेल तर दुसऱ्या चर्चमध्ये जा.

तिसरी: तुमच्यावर कोणी अत्याचार केला असेल तर ते तुमचे पाप नाही. त्याची क्षमा मागायची नसते. मन मोकळे करायला धर्मगुरूंकडे जरूर जा, पण ते बोलणे पापनिवेदनाबाहेर करा, म्हणजे त्यांना तुमच्यासाठी काही हालचाल करता येईल. अठरा वर्षांखालील कोणासाठीही १०९८ हा मदत क्रमांक आहे.

८. परगावातील भाषेचा प्रश्न

वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. तिथे मिस्सा, भक्तिगीते आणि पापनिवेदन मराठीत होते. तिथला विद्यार्थी जयपूरला आला की त्याला हिंदी किंवा इंग्रजी बोलणारे धर्मगुरू भेटतात. जयपूर धर्मप्रांतही तसा नवा आहे, २००५ मध्ये तो अजमेरपासून वेगळा झाला. व्याख्यान परक्या भाषेत समजते, पण 'मी आईशी खोटे बोललो' हे परक्या भाषेत सांगताना शब्द कोरडे होतात, किंवा ती भाषा आड घेऊन आपण निसटतो.

यावर मार्ग आहेत. आत्मपरीक्षण आपल्या भाषेतच करा, आणि सांगायची चार-पाच वाक्ये आधी हिंदीत करून ठेवा. धर्मगुरूंना सुरुवातीलाच विचारा की त्यांना मराठी किंवा कोंकणी समजते का. काही वेळा ते महाराष्ट्रात किंवा गोव्यात शिकलेले असतात. पश्चात्तापाची प्रार्थना मराठीत म्हणायला हरकत नाही. चर्च-कायदा दुभाष्यामार्फत पापनिवेदन करण्याचीही मुभा देतो, आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचे बंधन असते. मोडक्या हिंदीत खरे बोललेले, सफाईदार इंग्रजीत गोलमाल बोलण्यापेक्षा केव्हाही चांगले.

९. नेहमीच्या शंका

थेट देवाला सांगितले तर चालत नाही का?
रोजच्या प्रार्थनेत सांगावेच. सौम्य पापांची क्षमा तशीही मिळते. गंभीर पापांसाठी मात्र कॅथलिक चर्च हा संस्कार नेहमीचा मार्ग मानते. धर्मगुरू मिळणे अशक्य असेल, तर परिपूर्ण पश्चात्ताप आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निश्चय यांनी क्षमा मिळते. २०२० च्या टाळेबंदीत पोप फ्रान्सिस यांनी याचीच आठवण करून दिली होती.

रविवारी सांगायचे आणि सोमवारी पुन्हा तेच करायचे, याला काय अर्थ?
निर्धार नसेल तर काहीच अर्थ नाही आणि ती क्षमाही वैध नाही. निर्धार असूनही माणूस पुन्हा पडला, तर तो पुन्हा येऊ शकतो.

हे समुपदेशनच नाही का?
नाही. समुपदेशक कारणे शोधतो आणि अनेक बैठका घेतो. इथे दोषाची कबुली आणि क्षमा असते. नैराश्य, भीतीचे झटके किंवा स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर डॉक्टरांकडे जा. दोन्ही एकत्र चालू शकतात. क्षमा मिळूनही तीच पापे वारंवार छळत असतील, तर तेही धर्मगुरूंना आणि डॉक्टरांना सांगा.

मी कॅथलिक नाही, मला जाता येईल का?
धर्मगुरूंशी बोलायला कोणीही जाऊ शकते. संस्काररूपी पापक्षमा साधारणपणे कॅथलिकांनाच दिली जाते.

१०. सारांश

प्रायश्चित्त संस्काराचे टप्पे पाच: आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, निर्धार, निवेदन, आणि प्रायश्चित्त व भरपाई. पहिले तीन खोलीत बसून करायचे, चौथा धर्मगुरूंसमोर, आणि पाचवा ज्यांचे नुकसान केले त्यांच्यात परत जाऊन. पापक्षमा चौथ्या टप्प्यावर मिळते, पण मित्रांचे पैसे पाचव्या टप्प्यावरच परत मिळतात.

११. स्वाध्याय

१. पाप गंभीर ठरण्याच्या तीन अटी सांगा. खातीपुऱ्याच्या उदाहरणाला त्या लावून पाहा.
२. 'मी अभ्यासात लबाडी केली' हे निवेदन प्रकार, संख्या आणि परिस्थिती यांसह पुन्हा लिहा.
३. चौघांच्या प्रोजेक्टमध्ये एकाने काहीच काम केले नाही, तरी त्याला समान गुण मिळाले. त्याने पश्चात्ताप केला, तर भरपाई कोणाची आणि कशी करावी? दोन पर्याय लिहा आणि त्यांतील अडचणी सांगा.
४. चर्च-कायद्यातील गुप्तता आणि भारतीय कायद्यातील माहिती देण्याचे बंधन यांत ताण कुठे येतो? तुमचे मत कारणांसह मांडा.
५. तुमच्या स्वतःच्या परंपरेत चुकीची कबुली आणि भरपाई यांची कोणती पद्धत आहे? तिची या पाच टप्प्यांशी तुलना करा.